२ इंच उचललेल्या पिकअपला २६५/७० आर १६ की २८५/७५ आर १६?

मूळ टायर २४५/७० आर १६ (रुंदी २४५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिमचा व्यास १६ इंच), एकूण उंची सुमारे ७४९ मिमी. २६५/७० घातला तर ७७७, २८५/७५ घातला तर थेट ८३४ मिमी. जमिनीपासूनची उंची वाढते ती फरकाच्या निम्मी, म्हणजे १४ किंवा ४२ मिमी.

२६५ मूळ ७ इंच रुंद रिमवरच बसतो. बहुतेक गाड्यांत कापाकापी लागत नाही, फार तर मडफ्लॅप मागे सरकवायचा. स्टेपनीही जुन्या जागी मावते का, तेवढं आधी बघा.

२८५ला ८ इंच रुंद रिम हवी, ऑफसेटही कमी (म्हणजे चाक आणखी बाहेर सरकतं). खरी गोम इथे आहे. लिफ्टमुळे, म्हणजे गाडी उचलल्यामुळे, वर जागा होते, मागे नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बाहेर सरकलेला टायर मोठ्या कमानीत फिरतो आणि मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला घासतो. चोर्ला घाटाच्या वळणांवर हे लगेच ऐकू येतं. शिवाय स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८९ने धावत असते (२६५वर ८३). गिअर जड पडतात. निपाणीकडे ऊस भरून चढ चढताना क्लच जळतो, ब्रेकही उशिरा लागतो.

जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी चिखलात रुंदीपेक्षा टायरची नक्षी कामाला येते. म्हणून रोजच्या गाडीला २६५च.

काहीही बसवा, चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि १०० किमीनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. २८५साठी आरटीओ आणि विम्याचं आधी विचारा.