सुरतची स्वस्त गाडी आणि आरसीवरचा बोजा

जुन्या गाडीत ३,४५,००० रुपये गेले. ११,००० टोकन यूपीआयने, २,००,००० आरटीजीएसने, १,३४,००० रोख. ऑनलाइन जाहिरातीतली २०१७ ची डिझेल स्विफ्ट, जीजे-०५ पासिंग. धुळ्याचा डीलर हेच मॉडेल ३,९०,००० ला देत होता. ४५,००० वाचत असतील तर कोण सोडतो? आणि व्यवहार आंधळा नव्हता. सोबत मेकॅनिक होता. टर्बो, पिलरचे वेल्ड, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पुराच्या गाळाची रेघ, सगळं तपासलं. गाडी एक नंबर. खोट कागदात.

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव ढळढळीत दिसत होतं. विकणारा म्हणे, "लोन क्लिअर आहे, सिस्टीम अपडेट व्हायला वेळ लागतो." लोन फिटल्याच्या फॉर्म ३५ वर गोल शिक्का, जोडीला बँकेची एनओसी. तिच्यावर ना लोन खात्याचा नंबर, ना चॅसी नंबर. लेटरहेडवर फोन कुठला, तर मोबाइल! सातबाऱ्यावरचा बोजा चारदा बघणारा माणूस आरसीवरचा बोजा तोंडी शब्दावर उतरवतो. व्यवहार तिथेच मोडायचा असतो. शिक्का दीडशे रुपयांत बनतो.

बँकेच्या संमतीशिवाय सुरत आरटीओ फॉर्म २८, म्हणजे गाडी दुसऱ्या आरटीओत न्यायची एनओसी, देत नाही. तो नसेल तर गाडी धुळ्याच्या एमएच-१८ वर चढत नाही. "आठवड्यात पाठवतो" म्हणणारा फोन बंद करतो आणि दारात बँकेचे वसुलीवाले येतात. गाडी तेच घेऊन गेले.

पोलीस म्हणतात, दिवाणी मामला, सुरतला जा. अरे, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, बीएनएसएसचं, कलम १७३! लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही घेतला तर एसपींना पोस्टाने पाठवा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचे १९३० वाले म्हणतात, रोख आमच्याकडे येत नाही. मग आरटीजीएस कुणाकडे येतं? आरटीओ म्हणतं, गाडी तुमच्या नावावरच नाही. बँक म्हणते, थकलेलं भरा आणि न्या. पगार मात्र सगळ्यांचे वेळेवर.

रोख दिली की पावती, पॅनसकट. मालकाचं आधार आरसीशी जुळवा, "भावाची गाडी आहे" चालत नाही.

डीलरकडेही डोळे उघडे ठेवा, मालकी बदलायच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन बसलेले असतात. एप्रिल २०२३ पासून त्यांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागा. पण दुकान तरी जागेवर असतं, शटर ठोकता येतं.

बोजाची गाडी घ्यायचीच तर लोनची बाकी सांगणारं बँकेचं फोरक्लोजर लेटर मागवा, तेवढी रक्कम थेट लोन खात्यात भरा. उरलेले पैसे फॉर्म २८ हातात आल्यावर.