संभाजीनगरात दोघांची शनिवार संध्याकाळ: नान-खलिया खायलाच हवा

शनिवारी ऑफिस लवकर सुटलं की आम्ही दोघं आधी पाणचक्कीवर जातो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथे आणून त्यावर दळण दळायचे, हे यांना दर वेळी नव्याने सांगावंसं वाटतं आणि मलाही ऐकायला आवडतं. हौदाच्या कडेला जरा टेकायचं, की पोटात कावळे ओरडायला लागतात.

मग जुन्या शहरातल्या गल्लीतलं आमचं ठरलेलं नान-खलियाचं, म्हणजे तंदुरी नान आणि मटणाच्या रश्श्याचं दुकान. बाकडी साधीच, पण वर फॅमिलीसाठी वेगळी खोली आहे, त्यामुळे बायकांना अवघडल्यासारखं होत नाही. नान तंदूरमधून निघतो तो पिवळसर, वर चकाकी, कडा जरा कडक आणि मधे कापसासारखा मऊ. खलियावर लाल तर्री तरंगत असते. ती बाजूला सारू नका. तिच्यात नानचा तुकडा बुडवा आणि रस्सा मुरेपर्यंत थोडं थांबा. मटण बोटानं तुटतं. तिखट आहे, पण घशाला जाळणारं नाही, मसाल्याची चव मागे रेंगाळते.

पार्किंगची मात्र बोंब आहे, गाडी लांब लावून चालतच या. आणि उशीर नको. रात्री नऊनंतर गेलं तर नान संपलेले असतात आणि साध्या रोटीबरोबर ती मजा नाही. दोघांचं पोटभर जेवण हॉटेलपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं. मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी इथेच आणतो, बीबी का मकबरा दुसऱ्या दिवशी सकाळी.