मुंगोत दोन रात्री: स्वॅग की तंबू?

ऑस्ट्रेलियातल्या मिलड्युरा शहरापासून सुमारे ११० किमीवरच्या मुंगो राष्ट्रीय उद्यानात गाडी थेट मुक्कामाच्या जागेपर्यंत जाते, त्यामुळे वजनाचा प्रश्न फारसा नाही. खरा प्रश्न जमिनीचा आणि थंडीचा.

स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासच्या खोळीत फोमची गादी. एकट्याचा दहा-पंधरा किलो भरतो, डिकीत भरपूर जागा खातो, पण पाच मिनिटांत अंथरून होतो. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, रात्री पारा शून्याजवळ उतरतो, तेव्हा फोमचा खरा उपयोग कळतो. नवा स्वॅग निघण्याआधी घरी पाण्याने चिंब भिजवून पूर्ण वाळवावा. धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात. हे टाळलं तर पहिल्याच पावसात शिवणीतून पाणी झिरपतं. झडप पूर्ण बंद केली तर श्वासाच्या वाफेने पहाटे आतून ओल येते, म्हणून डोक्याशी थोडी फट हवीच.

तंबू तीन-चार किलोंचा, उभं राहून कपडे बदलता येतील असा हवा तर आणखी जड. सोबत मिळणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या इथल्या कडक मातीत वाकतात. ३० सेंमीच्या पोलादी खुंट्या आणि हातोडा घ्या. वाऱ्यात जाळीतून बारीक धूळ आत येते, काटेरी बियांनी हवेची गादी पंक्चर होते. उन्हाळ्यात मात्र हवा खेळते म्हणून तंबूच बरा.

पाऊस पडला की कच्चे रस्ते बंद होतात. माणशी रोज पाच लिटर पिण्याचं पाणी आणि एका जादा दिवसाचं जेवण स्वॅग असो वा तंबू, लागेलच.