दहा रंगांची तयार अँटिबॉडी ट्यूब: निरोगी अस्थिमज्जेच्या नमुन्यांवरील अनुभव

फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे रंगवलेल्या पेशी लेझरखालून नेऊन ओळखण्याच्या तपासणीसाठी, मिळणाऱ्या या ट्यूबमध्ये सीडी४५, सीडी३४, सीडी११७, सीडी१३, सीडी१६, सीडी११बी, सीडी१९, सीडी१०, सीडी२० आणि सीडी३८ या पेशींच्या खुणांना (सीडी क्रमांकांच्या रेणूंना) चिकटणाऱ्या, वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या दहा अँटिबॉडी वाळवलेल्या स्वरूपात येतात. त्यामुळे पिपेटिंगमधील (प्रत्येक द्रव मोजून घालण्यातील) चुका टळतात.

या ट्यूबचे खरे मोल हेमॅटोगोन, म्हणजे निरोगी बी-पूर्वपेशी (बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या अपक्व अवस्था), ओळखताना कळते. सर्वांत अपक्व पेशींवर सीडी३४ आणि ठळक सीडी१० असतो; पुढे सीडी३४ नाहीसा होतो, सीडी१० उतरत जातो, सीडी२० व सीडी४५ चढत जातात आणि आलेखावर एक अखंड वळण उमटते. ल्युकेमियाच्या पेशी बहुधा हे वळण सोडून एकाच जागी दाटतात. विशेषतः लहान मुलांच्या आणि केमोथेरपीनंतरच्या नमुन्यांत, जिथे हेमॅटोगोन मुळातच जास्त असतात, हा फरक स्वच्छ दिसणे फार महत्त्वाचे आहे, आणि इथे तो दिसतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या वाढीतील सीडी१३, सीडी११बी आणि सीडी१६ यांचा क्रमही समाधानकारक उमटतो.

उणीव लाल पेशींच्या पूर्वजांबाबत आहे. सीडी७१ किंवा सीडी२३५ए या त्यांच्या खुणांच्या अँटिबॉडी नसल्याने ते केवळ सीडी४५च्या अभावावरून ताडावे लागतात, आणि लायसिसमध्ये (लाल पेशी फोडून काढण्याच्या टप्प्यात) त्यांतील बरेच नष्टही होतात. प्लाझ्मा पेशींसाठीही सीडी१३८ हवा होता. टँडम (दोन रंगद्रव्ये जोडून बनवलेली) रंगद्रव्ये प्रकाशाने लवकर खराब होतात, म्हणून पाकीट उघडल्यावर ट्यूब अंधारातच ठेवाव्यात.