फ्लॅटसील आठ महिने वापरल्यानंतर

फ्लॅटसील म्हणजे फ्लॅटपॅक ॲप्सच्या परवानग्या बदलायचं ॲप. लिनक्सवर आले तेव्हा बहुतेक ॲप्स फ्लॅटपॅकचीच (लिनक्सवर ॲप्स टाकायची एक पद्धत) टाकली आणि पहिल्याच आठवड्यात अडले. दुसऱ्या डिस्कवरचं फोटोंचं फोल्डर एडिटिंगच्या ॲपमध्ये दिसेचना, फाइल मॅनेजरमध्ये मात्र सगळं जागच्या जागी. कुणीतरी सुचवलं म्हणून ती ७७७ वाली कमांड (chmod 777, सगळ्यांना सगळी परवानगी देणारी) मारली अख्ख्या फोल्डरवर, फरक शून्य. ती कमांड मारू नका, खरंच, त्याने फोल्डर मशीनवरच्या प्रत्येक युजरला मोकळं होतं आणि मूळ अडचण तशीच राहते.

कारण अडवणारा वेगळाच असतो. फ्लॅटपॅकचं ॲप सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळ्या कप्प्यात चालतं, त्याला जेवढे फोल्डर दिलेत तेवढेच दिसतात. फ्लॅटसील उघडायचं, डावीकडे ॲप निवडायचं, फाइलसिस्टम भागात खाली पाथ टाकायचा आणि ते ॲप पूर्ण बंद करून परत चालू करायचं. हे बंद-चालू विसरले की मी दर वेळी उगाच सेटिंग उलटसुलट करत बसायचे.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं सबटायटलने. प्लेअरमध्ये व्हिडिओ उघडतो पण शेजारचीच सबटायटल फाइल त्याला सापडत नाही! झालं असं की फाइल निवडायच्या खिडकीतून आपण एकच फाइल निवडली तर पोर्टल (सँडबॉक्समधल्या ॲपला बाहेरची फाइल देणारा मध्यस्थ) तेवढ्याच फाइलची परवानगी देतं, बाजूच्या फाइलची नाही. अशा वेळी फाइलचा पाथसुद्धा रन-युजरने (/run/user) सुरू होणारा विचित्र दिसतो, तो दिसला की समजायचं. पूर्ण फोल्डर दिलं आणि काम झालं. प्लेअरला फक्त वाचायचंच असतं, म्हणून पाथच्या शेवटी कोलन लावून आरओ (:ro, म्हणजे रीड-ओन्ली, फक्त वाचता येणारं) लिहिते, म्हणजे त्याला तिथे काही लिहिता किंवा पुसता येत नाही.

अख्खं होम (आपल्या युजरचं मुख्य फोल्डर) देऊन टाकायचा मोह होतो, एका क्लिकचं काम आहे ना. पण मग सँडबॉक्स ठेवून उपयोग काय, होममध्ये आपल्या एसएसएच कीज (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या गुप्त किल्ल्या) पण असतात. मी तर सगळ्या ॲप्सना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगला हातच लावत नाही.

आता याने काय होत नाही ते. फाइलची मालकी रूटकडे, म्हणजे सिस्टमच्या ॲडमिनकडे असेल (सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने कॉपी केलं की हमखास होतं) किंवा विंडोजने फास्ट स्टार्टअपमुळे डिस्क अर्धवट बंद केली असल्याने ती इथे लिनक्सवर रीड-ओन्ली माउंट झाली (जोडली गेली) असेल, तर फ्लॅटसीलमध्ये काहीही करा, उपयोग नाही. पहिल्यासाठी मालकी बदला, दुसऱ्यासाठी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि नीट शटडाऊन करा. माझी साधी खूण: फोल्डर दिसतच नसेल तर बहुतेक सँडबॉक्स, दिसतंय पण सेव्ह होत नसेल तर आधी मालकी आणि माउंट बघायचं. आणि ॲप स्नॅपचं (ॲप्स टाकायची दुसरी एक पद्धत) असेल तर ते फ्लॅटसीलच्या यादीत येतच नाही, त्याच्या परवानग्या वेगळ्या.

काही बिघडलंच तर रीसेट बटण आहे, ॲप मूळ परवानग्यांवर परत जातं. मी दोनदा वापरलंय, दोन्ही वेळा माझा डेटा जसाच्या तसा होता.