डस्टर एडब्ल्यूडी, सफारी स्टॉर्म की स्कॉर्पिओ? फॅमिलीसाठी सेकंडहँड गाडी आणि थोडाफार कच्चा रस्ता

गरज काय ते आधी बघू. गाडी आणि तिच्यावरचा खर्च धरून सात-आठ लाख, घरात नवरा-बायको, दोन पोरं, सणावाराला आई-बाबा. वर्षाचा बहुतेक वेळ ऑफिस आणि हायवे, आणि मधूनच भंडारदऱ्याच्या पुढे साम्रद, तापोळ्याच्या बाजूची गावं, कोकणात आतल्या वाडीपर्यंत जाणारा जांभ्याचा रस्ता. नदीत गाडी घालणं वगैरे यात नाही. त्यामुळे थ्री डोअर थारचा विषय इथेच सोडा, मागच्या सीटवर आई कशी चढणार ते एकदा शोरूममध्ये नेऊन बघा म्हणजे कळेल.

माझं मत आधीच सांगतो. पाच माणसांत भागत असेल तर डस्टर एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह, गरज पडली की चारही चाकांना ताकद). सामान भरपूर, चढ दगडांचे, आणि हाताशी ओळखीचा मेकॅनिक असेल तर स्टॉर्म फोर बाय फोर. स्कॉर्पिओ फोर बाय फोर चांगली मिळाली तर दोन्हीपेक्षा बरी, पण ती चांगली मिळणं हीच खरी अडचण आहे.

डस्टर 2012 ला आली आणि एडब्ल्यूडी 2014 च्या शेवटाकडे. 1.5 डिझेल, 110 पीएस, सहा गिअर. नीट बघा, बाजारात डस्टर ढिगाने आहेत पण त्यातल्या बहुतेक टू व्हील ड्राइव्ह, आणि विकणारा एजंट 110 म्हणजे एडब्ल्यूडीच असं बिनधास्त सांगतो. गिअरच्या जवळ टूडब्ल्यूडी-ऑटो-लॉकची गोल चकती आहे का ते बघायचं, आणि खाली वाकून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट बघायचा, बस. एडब्ल्यूडीला मागचं सस्पेन्शनसुद्धा वेगळं आहे, इंडिपेंडंट, म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावर ही गाडी तिघींतली सगळ्यात आरामशीर, मागे बसलेल्यांची कंबर शाबूत राहते. 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स आहे, जे स्टॉर्मच्या 200 पेक्षा आणि स्कॉर्पिओच्या 180 पेक्षा कागदावर तरी जास्त. लो रेंज (खूप हळू पण जोरात ओढणारे जादा गिअर) नाही, त्याची थोडीफार भरपाई म्हणून पहिला गिअर मुद्दाम खूप छोटा दिलाय, इतका की शहरात माणसं दुसऱ्यातच गाडी उचलतात. पण इंजिनचा टर्बो 1,800 च्या आसपास जागा होतो, त्याच्या खाली जीवच नाही, त्यामुळे दगडांच्या चढावर हळू जायचं म्हटलं की क्लच जळल्याचा वास आलाच समजा, आणि हा क्लच स्वस्त नाही. त्यात टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही, बेल्ट कधी बदलला त्याचं बिल दाखवता आलं नाही तर तो बदललेला नाही असंच धरून किंमत पाडा.

डस्टरची आणखी एक गोष्ट खूप जण विसरतात. एडब्ल्यूडीला चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले लागतात. पुढे दोन नवे आणि मागे दोन गुळगुळीत असले तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरत राहतात आणि मधल्या कपलिंगवर उगाच ताण येतो. बघायला गेलात आणि चार चाकांवर तीन कंपन्यांचे टायर दिसले तर मालकाने ही गाडी कशी वापरली ते न विचारताच कळलं.

आता स्टॉर्म. पुण्यात बनलेली, लॅडर फ्रेमवाली (शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बांधलेली), दोन टनांच्या घरातली म्हैस. 2012 च्या ऑक्टोबरला आली आणि 2019 ला बंद झाली, सैन्याने 2017 ला तीन हजारांवर स्टॉर्म मागवल्या त्यावरून चेसिसच्या ताकदीचा अंदाज घ्या. सुरुवातीची 140 पीएसची, नंतर 156 पीएस आणि 400 एनएमची आली, ती मिळाली तर तीच घ्या, भरलेल्या गाडीने घाट चढताना फरक जाणवतो. फोर बाय फोरला खरी लो रेंज आहे आणि हाच डस्टरपेक्षा मोठा फरक. फोर एलमध्ये, म्हणजे लो रेंज लावून, पहिल्या गिअरला क्लच सोडून दिला तरी गाडी न अडखळता मुंगीच्या चालीने दगडांवरून वर जाते, उतारावर ब्रेकला हात... म्हणजे पाय लावावा लागत नाही. मधली सीट ऐसपैस. मागच्या दोन जंप सीट मात्र आडव्या तोंडाच्या आहेत, त्यावर पोरांना हायवेला बसवू नका, ती जागा सामानाचीच. आई-बाबांसकट सहा जणांचा हिशोब तिथे बसतच नाही, ते आले की सरळ दुसरी टॅक्सी करा.

तोटे पण ऐका. हायवेला दहा-अकराचं ॲव्हरेज मिळालं तरी खूश व्हायचं, डस्टर त्याच रस्त्याला चौदा-पंधरा देते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळवताना घाम. आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर आता स्टॉर्म बघून फार उत्साह दाखवत नाही, जुना टाटावाला मिस्त्री ज्याला माहीत आहे त्यानेच ही गाडी घ्यावी.

स्टॉर्म असो की स्कॉर्पिओ, फोर बाय फोर चालू आहे हे तोंडी ऐकून घेऊ नका. बऱ्याच मालकांनी फोर बाय फोर लावायचा नॉब वर्षानुवर्षं फिरवलेलाच नसतो. मोकळ्या मातीच्या मैदानात न्या, डांबरावर नको, डांबरावर फोर बाय फोर लावून वळवलं की गिअरबॉक्समागचं सगळं आखडतं. गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल, क्लच दाबून नॉब फोर एलवर फिरवा. मीटरमधला दिवा लुकलुकेल, खालून टक् असा आवाज येईल आणि दिवा स्थिर होईल. दिवा लुकलुकतच राहिला तर मोटर नाहीतर वायरिंग गेलंय, मालक म्हणेल "थंड आहे म्हणून", ते ऐकायचं नाही. मग सरळ पन्नास फूट पुढे, पन्नास फूट मागे, आणि परत टू एचला (नेहमीच्या टू व्हील ड्राइव्हला) येतंय का तेही बघा, कारण कधी कधी लागतं पण निघत नाही.

स्कॉर्पिओबद्दल थोडक्यात. 2014 नंतरची नवी फ्रेम, 2.2 एमहॉक, फोर बाय फोरला लो रेंज. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कुठल्याही तालुक्याच्या गावात पार्ट आणि पार्ट बसवणारा दोन्ही मिळतात, दुर्गम भागात फिरायचं तर याची किंमत कळते. पण रीसेल तगडी असल्याने याच पैशात स्टॉर्मपेक्षा जास्त चाललेली गाडी पदरात पडते, त्यात फोर बाय फोर मुळात कमी विकल्या गेल्या, आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच गावाकडे रगडून काढलेल्या. एअरबॅग असलेलंच व्हेरियंट घ्या. क्रॅश टेस्ट करणाऱ्या ग्लोबल एनकॅपने 2016 ला बिनएअरबॅगच्या स्कॉर्पिओला शून्य तारे दिले होते, आणि 2017 ला बिनएअरबॅगच्या डस्टरलाही शून्यच, त्यामुळे हा नियम दोघींनाही लागू.

आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना फोर बाय फोर लागतच नाही. बोलेरो निओचं एन10 ऑप्शनल व्हेरियंट बघा, मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे, एक मागचं चाक नुसतं जागेवर फिरायला लागलं की ते आपोआप लॉक होऊन दुसऱ्यालाही ताकद मिळते. गाडी नवी (2021 पासूनची), 100 पीएस, देखभाल सोपी. राइड मात्र मागे उड्या मारते, उलटी होणारं पोर घरात असेल तर विसरा.

आता गाडी तयार करायचा खर्च. एक लाख बाजूला ठेवलेत तर त्यातले निम्मे आधी सर्व्हिसवर जाऊ द्या: सगळी ऑइल, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, डिफरन्शियल सगळं, कूलंट, बुश, ब्रेक. रूफ रॅक आणि लाइटबार दिसायला भारी असतात पण छपरावर पन्नास किलो टाकले की घाटात गाडी अजून झुलते. उरलेले टायरला. ऑल टेरेन (डांबर आणि कच्चं दोन्हींचे) घ्या, मड टेरेन (चिखलाचे) नको, रोज डांबरावर त्याचा आवाज घरच्यांना सहन होणार नाही आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकही लांबतो. डस्टरच्या 215/65 आर16 मापात योकोहामाचा जिओलँडर मिळतो, म्हणून माप वाढवायच्या भानगडीत पडू नका. पण ऑल टेरेन म्हणजे जादू नाही. कोकणातल्या लाल मातीत, जांभ्यावर ते छान पकडतात, तेच मराठवाड्यात पावसात काळ्या मातीच्या शिवरस्त्यावर गेलात तर दहा मीटरमध्ये खाचा भरून टायरचा गोटा होतो आणि मग लो रेंज असो की लॉक, सगळं सारखंच. तिथे गाडी डांबरावर लावून चालत जायचं.

त्याबरोबर बारा व्होल्टचा चांगला कंप्रेसर. दगडांवर 22-25 पीएसआय, वाळूत 18-20 पर्यंत हवा उतरवली की जी गाडी अडकली होती तीच निघते, परत डांबरावर येताना मात्र हवा भरायलाच हवी. डस्टरला खाली जाड स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) लावून घ्या, मूळची पातळ आहे. एक काइनेटिक पट्टा (अडकलेली गाडी ओढायचा, ताणला जाणारा), तो अडकवायला दोन शॅकल, फावडं, जॅकखाली ठेवायला लाकडाची फळी. गाडी उंच करायचं लिफ्ट किट नको. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, बुल बारवरही 2017 पासून केंद्राने बडगा उगारलाय, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला हेच सगळं आधी बघतो. बीचवर गाडी नेऊ नका, पोलीस केस सोडा, खारं पाणी चेसिसला जे करतं ते दोन पावसाळ्यांनी दिसतं. याच कारणासाठी किनारपट्टीवरच्या पासिंगची गाडी असेल तर ती लिफ्टवर चढवून टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन फ्रेम टोचून बघा, विशेषतः नुकताच काळा रंग मारलेला असेल तर नक्कीच.

कागदांचं म्हणाल तर कर्ज फेडल्याचा फॉर्म 35, ट्रान्सफरचे 29 आणि 30, आणि एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागलीय का ते बघा. 2014 ची गाडी म्हणजे आरसी 2029 ला संपणार, मग फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर, त्यामुळे 2013-14 ची स्टॉर्म आणि 2017 ची स्टॉर्म यात लाख-दीड लाखाचा फरक सांगत असतील तर मी नंतरचीच घेईन, भले टायर पुढच्या वर्षी घालावे लागले तरी चालतील.