नऊ दिवस उभी राहिलेली जीटीओ : जुन्या आणि नव्या व्ही-८ सोबतचे चौदा महिने

मागच्या शनिवारी सकाळी माझी १९६८ ची पाँटिॲक जीटीओ (जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाची, आठ सिलिंडरच्या मोठ्या व्ही-८ इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी), सलग नऊ दिवस गॅरेजमध्ये उभी राहिल्यानंतर, तिसऱ्या सेकंदाला सुरू झाली. ज्यांच्याकडे कार्ब्युरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेची गाडी आहे त्यांनाच या वाक्यातला आनंद कळेल. गेले चौदा महिने या एका गोष्टीसाठी मी जेवढा विचार, वेळ आणि पैसा घालवला, तेवढा गाडीच्या इतर कोणत्याही अंगावर घालवलेला नाही, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहायला बसलो आहे.

आम्ही मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. घरी २०१६ पासून फोर्ड मस्टँग जीटी आहे, नवी घेतलेली, सहा गिअरची मॅन्युअल. जीटीओ गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आली. आकड्यांबाबत एक खुलासा करतो, कारण तुलना नेहमी तिथेच चुकते. जीटीओच्या ४०० घनइंची इंजिनाचे ३५० अश्वशक्ती आणि मस्टँगच्या ५ लिटर इंजिनाचे ४३५ अश्वशक्ती हे आकडे एका मापाचे नाहीत. अमेरिकेत साधारण १९७२ पर्यंत अश्वशक्ती मोजताना इंजिन उघडेच चाचणीबाकावर ठेवत, गाडीतले सायलेन्सर, एअर फिल्टर वगैरे ओझे त्यावर नसे. नंतर ती गाडीत बसवलेल्या अवस्थेप्रमाणे मोजली जाऊ लागली. म्हणजे प्रत्यक्षातले अंतर कागदावर दिसते त्याहून बरेच मोठे आहे. असे असूनही तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस मैलांवर पाय दाबला की जीटीओ ज्या ताकदीने पाठीला सीटमध्ये रेटते, तसे मस्टँग त्या वेगाला करत नाही, कारण जीटीओचा जोर इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांनाच पूर्ण मिळतो आणि मस्टँगला त्यासाठी वर जावे लागते. ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच लक्षात आली आणि आजही तितकीच आवडते.

पाँटिॲकच का, याचे उत्तर भूगोलात आहे. १९६४ साली जनरल मोटर्सचा नियम असा होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घनइंची इंजिन ‘जादा सुविधा’ म्हणून देऊन त्या नियमातून वाट काढली, आणि पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. हे सगळे आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर घडले. डेट्रॉइटपासून पाँटिॲक शहरापर्यंत जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर त्या काळी तरुण मुले रात्री या गाड्या पळवत, आणि रॉयल ओक गावातल्या रॉयल पाँटिॲक या विक्रेत्याकडे त्या खास जुळवून मिळत. ज्या रस्त्यासाठी गाडी जन्माला आली त्याच रस्त्यावर ती चालवायला मिळते, याचे अप्रूप मला अजून आहे.

आता मूळ मुद्दा. जीटीओ रोज चालवली तर दोन सेकंदांत सुरू होत असे. तीन दिवस उभी राहिली तर सहा सेकंद सेल्फ मारावा लागे. आठवडा उलटला की पंधरा सेकंद, मध्ये थांबून पुन्हा पंधरा सेकंद, आणि मग कधीतरी एखादा सिलिंडर पकडे. मी या वेळांची एका वहीत नोंद ठेवू लागलो. त्यातच गॅरेजमधून घरात पेट्रोलचा वास येऊ लागला. तक्रार पत्नीने केली आणि ती रास्त होती, कारण आमचे गॅरेज घराला लागूनच आहे.

या गाडीवरचा ‘क्वाड्राजेट’ नावाचा कार्ब्युरेटर ज्यांनी हाताळला आहे त्यांचे निदान ठरलेले असते. त्याच्या तळाशी, पेट्रोलच्या विहिरींखाली, कारखान्यात ठोकून बसवलेली छोटी धातूची बुचे असतात. ती कालांतराने सैल होतात, गाडी उभी असताना पेट्रोल थेंबथेंब खाली इंजिनात उतरते आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे बुचांवर इपॉक्सी (घट्ट बसणारा चिकट लेप) लावणे. मीही हेच वाचले होते आणि हेच मानत होतो. जवळच्या एका वर्कशॉपमध्ये कार्ब्युरेटर दिला, ४८० डॉलर मोजले, पावतीवर ‘बुचे बंद केली’ असे लिहून मिळाले, आणि पुढच्याच आठवड्यात वहीत पुन्हा चौदा सेकंद लिहावे लागले. परत गेलो तर त्यांनी आणखी २२० डॉलर घेऊन तेच काम पुन्हा केले. फरक काहीही पडला नाही. पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी पेट्रोल पंपाचा, मग टाकीचा, मग माझ्या गाडी चालवण्याच्या सवयीचा दोष काढला. तीन फेऱ्या आणि दोन पत्रांनंतर दुसऱ्या वेळच्या मजुरीचा निम्मा भाग परत मिळाला. रक्कम लहान होती. पण रोगाचे नाव न तपासता औषधाचे पैसे दोनदा घेतले गेले, याचा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी ते काम स्वतः केले. कार्ब्युरेटर काढला, त्यात तोंडापर्यंत पेट्रोल भरले आणि गॅरेजच्या दाराशी, उघड्या हवेत, कोऱ्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवला. सकाळी उचलून पाहिले तर कागदावर डागाची कडासुद्धा नव्हती. म्हणजे बुचे ठणठणीत होती, बहुधा पहिल्यापासूनच असावीत. गळती नव्हती आणि तरीही पेट्रोल जात होते, याचा अर्थ ते वर जात होते.

इथे माझे मत पूर्ण बदलले, म्हणून कारण नीट सांगतो. या गाडीत कार्ब्युरेटरचे पेट्रोलचे भांडे एका उभ्या नळीतून हवेला मोकळे असते. बाष्प अडवून पुन्हा इंजिनात पाठवणारा कोळशाचा डबा तिच्यात नाही. तो पुढे सत्तरीच्या सुरुवातीला आला. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरमधले मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या भागात), नेमका कार्ब्युरेटरच्या खालून, गरम धूर जाणारा एक मार्ग मुद्दाम ठेवलेला आहे, कारण मिशिगनच्या थंडीत पेट्रोलची वाफ व्हायला तो लागतो. गाडी चालू असताना थंड पेट्रोल सतत येत राहते, त्यामुळे भांडे फार तापत नाही. गाडी बंद केली की इंजिनाची सगळी उष्णता वर चढते आणि भांड्यातले पेट्रोल अक्षरशः उकळते. आजचे पेट्रोल बंदिस्त, दाबाखाली पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शन यंत्रणेसाठी बनवलेले असते, त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातला हलका भाग सहज उडून जातो. मस्टँगमध्ये हेच पेट्रोल दर चौरस इंचाला साधारण ५५ पौंडांच्या दाबाने बंद नळीत कोंडलेले असते, त्यामुळे तिला त्याचा पत्ताही लागत नाही. जीटीओचा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो, पाच-सहा पौंड दाब देतो, आणि कोरडे भांडे भरायचे तर सेल्फ मारून आख्खे इंजिन फिरवत राहावे लागते. ते पंधरा सेकंद बिघाडाचे नव्हते, पेट्रोल टाकीपासून पुढे येण्याचे होते. गॅरेजमधला वासही त्याच नळीतून येत होता.

या टप्प्यावर कार्ब्युरेटर काढून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवण्याचा विचार मी जवळजवळ पक्का केला होता. टाकीतला पंप, नळ्या आणि मजुरी धरून अडीच हजार डॉलरच्या पुढचा अंदाज हाती आला होता. पैसे भरण्याआधी सांगलीला बाबांना फोन केला, सल्ला मागायला नव्हे, नुसते बोलायला. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “अरे, तुझ्या पंपाला दांडी नाही का?”

दांडी मला लगेच आठवली. सुट्टीवरून परत आलो की बाबा बॉनेट उघडत आणि मी पंपाखालची छोटी दांडी बोटाने वरखाली करत असे. सुरुवातीला ती जड लागे, भांडे भरले की एकदम हलकी होई, आणि मग चोक ओढून चावी फिरवली की गाडी चालू होई. जीटीओच्या पंपाला अशी दांडी नाही. भांडे हाताने भरण्याचा दुसरा मार्ग मात्र आहे, आणि तो तीच उभी नळी आहे जिच्यातून पेट्रोल उडून जाते.

चार डॉलरची, पेट्रोल सहन करणारी, लांब टोकाची दाबायची बाटली आणली. गॅरेजचे दार उघडायचे, गाडी बाहेर ढकलायची, एअर फिल्टरचा पंखनट काढायचा आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच त्या नळीतून सावकाश साठ मिलिलिटर पेट्रोल सोडायचे. भांडे भरताना आतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा, पातळी राखणारा तुकडा) हलकेच वर येतो, त्याची बारीक टिकटिक कान जवळ नेला तर ऐकू येते. बाटली दूर ठेवून द्यायची, फिल्टर परत बसवायचा (हे विसरू नये, कारण इंजिनाने उलट भडका दिलाच तर तोच आडवा येतो), ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा म्हणजे चोक बसतो, आणि चावी फिरवायची. त्या दिवशीची वहीतली नोंद ‘नऊ दिवस, तीन सेकंद’ अशी आहे. बाबांना आवाज ऐकवायला फोन बॉनेटवर धरला होता.

याशिवाय कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारे जाड गॅस्केट घातले, त्याचा फायदा एवढाच की तीन-चार दिवसांपर्यंत बाटली लागत नाही आणि वास पुष्कळ कमी झाला. तो गरम धुराचा मार्ग बुजवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो मानला नाही, कारण या गाडीतल्या आपोआप उघडणाऱ्या चोकची स्प्रिंग त्याच मार्गाच्या उष्णतेवर चालते, आणि तो बुजवला तर एका दुखण्याच्या जागी दुसरे येते.

मस्टँगबद्दल माझे मत या काळात थोडे खाली आले आणि मग पुन्हा वर गेले. ती बटण दाबले की सुरू होते, हे मी सगळ्यांना ऐकवत असे. फेब्रुवारीत तीन आठवडे बर्फामुळे ती हलली नाही आणि बटण दाबल्यावर काहीच झाले नाही. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, चावी ओळखणारे यंत्र अशा गोष्टी थोडी थोडी वीज खात राहतात, आणि बॅटरी जुनी असेल तर थंडीत तेवढे पुरते. म्हणजे उभे राहणे दोघींनाही मानवत नाही. एकीचे पेट्रोल उडते, दुसरीची वीज. आता हिवाळ्यात दोन्ही बॅटऱ्यांना चार्जर लावलेला असतो. मात्र मस्टँग दारात असल्यामुळेच मी जीटीओला तिच्या स्वभावाप्रमाणे राहू देऊ शकतो, हे माझे आजचे ठाम मत आहे. कामाला वेळेवर पोहोचायचे, पावसात महामार्गावर जायचे, मुलीला शाळेतून आणायचे, ही जबाबदारी जीटीओवर असती तर मी त्या अडीच हजार डॉलरच्या कागदावर सही केलीच असती, आणि गॅरेजात एक महागडी, अर्धवट आधुनिक गाडी येऊन बसली असती. एक खरी आधुनिक गाडी आधीच असताना जुनीला तसे करण्यात मला अर्थ दिसत नाही.

बाकीच्या बाबी थोडक्यात. जीटीओ गॅलनला बारा मैल देते, मस्टँग एकोणीस-वीस. आधीच्या मालकाने इंजिन बांधताना मूळचे १०.७५ कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) कमी केले होते, त्यामुळे ते ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवर नॉकिंगशिवाय, म्हणजे ठोके न देता, चालते. तेल मात्र जस्त जास्त असलेलेच घालावे लागते, नाहीतर व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि टॅपेट हे भाग घासले जातात. रंगवलेले, रबरासारखे एंड्युरा बंपर आजही सुंदर दिसते, आणि बॉनेटवर बसवलेला टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) पावसात धुरकट होतो. घेणाऱ्यांनी चासी क्रमांक २४२ ने सुरू होतो ना ते पाहावे, कारण १९६६ पासून जीटीओ ही स्वतंत्र मालिका होती आणि साध्या गाडीवर जीटीओची अक्षरे चिकटवून विकणारे भरपूर आहेत. आमच्या राज्यात ऐतिहासिक वाहनाची पाटी स्वस्त पडते. इतर महिन्यांत तिच्यावर मेळावे-प्रदर्शनांपुरतेच फिरता येते, पण ऑगस्टमध्ये गाडी मोकळेपणाने चालवायला परवानगी असते. वुडवर्डवरचा जुन्या गाड्यांचा मोठा उत्सवही ऑगस्टमध्येच भरतो. दसऱ्याला दोघींना झेंडूचे हार घालतो. गेल्या वर्षी शेजाऱ्याने त्याचीही गाडी आणून रांगेत लावली.

एक उणीव अजून राहिली आहे आणि तिच्यावर मी अकारण कमी लक्ष दिले, हे मान्य करतो. सुरू होण्याच्या सेकंदांची वही भरत असताना थांबण्याचे अंतर कधी मोजलेच नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पहिला जोराचा ब्रेक चांगला लागतो, लगेच दुसरा मारला तर पेडल खाली जाते आणि गाडी डावीकडे ओढते. गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्डवर पुढची नवी गाडी जिथल्या तिथे थांबली आणि माझी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मुलगी शेजारी बसलेली होती. १९६८ मध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक जादा पैसे भरून कारखान्यातूनच मिळत, म्हणून ते बसवणे मला गाडीच्या मूळ रूपाला धरूनच वाटते. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेककडे पोचवणारा भाग) आणि दाब विभागणारा व्हॉल्व्हही बदलावा लागेल. सामानाची मागणी नोंदवली आहे, या खर्चात कुठेही काटकसर करणार नाही, आणि डिस्क बसल्याशिवाय मुलीला तिच्यात बसवणार नाही. काढलेले ड्रम, नळ्या आणि जुना सिलिंडर चिठ्ठ्या लावून एका पेटीत फळीवर ठेवून देईन.